एका मुलीचं शिबिर

ठाणे
सोमवार, ७ एप्रिल २०२५

प्रिय उद्धव,

पत्र लिहितो आहे, कारण हा विषय फोनवर काढला की माझा आवाज चढतो आणि शेजारची मंडळी दार लावून घेतात.

आमच्या सिनेगॉगमध्ये दर मे महिन्यात मुलांचं शिबिर असतं, हे तुला ठाऊक आहे. सकाळी नऊला मुलं येतात, चारला घरी जातात. प्रार्थना, हिब्रू अक्षरं, गाणी, गोष्टी, मातीचे दिवे, मैदानी खेळ. शाळेतून निवृत्त झाल्यापासून ते मीच चालवतो. ठाणे, कल्याण, पनवेल, जिथे जिथे आम्ही बेने इस्राएल यहुदी उरलो आहोत तिथून मुलं येतात. परवा पत्रकं वाटताना एक आजी म्हणाली, “एझराभाई, सगळ्यांची नातवंडं गोळा करता, तुमचं कुठंय?” मी म्हणालो, आदिलाबादला. “तिकडे आपली किती घरं आहेत?” मी पत्रकं मोजायला लागलो.

आमच्यात धर्म आईकडून येतो. म्हणजे तुझ्या भाचेसुनेनं कुणाशीही लग्न केलेलं असो, तिची मुलगी, माझी नात, आमची आहे. ती नऊ वर्षांची झाली. मी तिला पाहिलेलं नाही. तू पाठवलेले फोटो आहेत, त्यांतल्या प्रत्येकात ती वांग्यांच्या शेजारी उभी आहे. त्या घरात आमचं काय उरलं असेल याची मला कल्पना आहे: काही नाही. दर आठवड्याच्या शब्बाथचे दिवे माझ्या आईनं तिच्या आईकडून घेतले, माझ्या बायकोनं माझ्या आईकडून. बायको गेली. आता त्या मुलीला हे कुणी दाखवलं नाही तर ते माझ्यापाशी येऊन थांबतं.

तिला इकडे पाठवा असं मी म्हणू शकत नाही, कारण त्यासाठी तिच्या आईशी बोलावं लागेल. म्हणून शिबिर तू तिथे घे. अभ्यासक्रम सोबत जोडला आहे. पुण्यात तू माझ्या शेजारी बसून संस्कृतात एम.ए. झालास, तेव्हा हिब्रू जड जाऊ नये.

तुझा,
एझरा झिराडकर

~

मावला, आदिलाबाद
रविवार, १३ एप्रिल २०२५

मित्रवर्य एझरा,

अभ्यासक्रम मिळाला. त्याला चिकटलेलं पत्रही मिळालं.

काही गोष्टी आधी नोंदवतो. बारा वर्षांपूर्वी तू लिहिलं होतंस, मुलगी डॉक्टर झाली, उटनूरला आदिवासी भागात नोकरीला येते आहे, लक्ष ठेव. मला रोज उटनूर गाठणं जमणारं नव्हतं. माझ्या भाच्याची, भूषणची, भाजीची गाडी तिकडे जायची, म्हणून ते काम मी त्याच्याकडे सोपवलं. त्यानं इतकं लक्ष ठेवलं की पुढच्या वर्षी लग्न झालं. तू आला नाहीस. तेव्हापासून दीना ही तुझी मुलगी नसून माझी भाचेसून आहे. नात्याच्या हिशोबानं यात चूक काढता येत नाही, म्हणून मी गप्प आहे.

आता शिबिर. मी इथल्या ज्युनियर कॉलेजात संस्कृत शिकवतो. मुलं संस्कृत घेतात कारण मार्क पडतात, आणि उत्तरं तेलुगूत किंवा इंग्रजीत लिहिली तरी चालतात. भाषा न येता त्या भाषेत पार कसं पडायचं हे माझ्या विद्यार्थ्यांना उत्तम येतं. त्यांच्यापैकी कुणाला तरी विचारीन.

वेळेबद्दल. मे महिन्यात नऊ ते चार मावल्याला बाहेर फक्त डांबर असतं, तेही पातळ होऊन. आपण सकाळी सहा ते साडेदहा ठेवू.

संख्येबद्दल. एका मुलीचा खो-खो होत नाही. गल्लीतली दुकानदारांची आणि माळ्यांची पोरं घ्यावी लागतील. एका आईला सांगितलं की हे यहुदी मुलांचं शिबिर आहे. ती म्हणाली, “सर, कोनाचंबी असू द्या, घरातून जाते ना सकाळी?” प्रवेशाची अट एवढीच ठरली आहे.

जागा माझ्या बहिणीच्या मळ्यात, कडुनिंबाखाली. बहीण म्हणजे जयवंताबाई, भूषणची आई, जिच्या वांग्यांशेजारी तुझी नात उभी असते ती. मयूरी सुट्टीत तिच्याकडेच असते. जयवंताबाईला अभ्यासक्रम वाचून दाखवला. मांस आणि दूध एकत्र शिजवायचं नाही, यावर ती थांबली. म्हणाली, “कोन येडा शिजवते?” तेव्हा आहाराचा प्रश्न निकालात निघाला आहे.

दीनाची परवानगी घेतली. ती हसली, म्हणाली, “घ्या की मामा.” मग विचारलं, “बाबांनी माझ्याबद्दल काही विचारलंय?” मी म्हटलं, प्रकृतीची चौकशी केली आहे. ती तू केलेली नाहीस. तेव्हा उलट टपाली करून पाठव, म्हणजे मी मागच्या तारखेनं खरा होईन.

तुझा,
उद्धव

~

ठाणे
सोमवार, २१ एप्रिल २०२५

प्रिय उद्धव,

पेसाहचा सण काल संपला, म्हणून उत्तराला उशीर.

गल्लीतल्या मुलांना घ्यायला हरकत नाही. पण मुख्य विद्यार्थिनी कोण हे विसरू नकोस. तिला अक्षरं यायला हवीत, निदान एक प्रार्थना पाठ व्हायला हवी, आणि शेवटच्या दिवशी तिनं स्वतःच्या हातानं शब्बाथचे दिवे लावायला हवेत. बाकी सगळं राहिलं तरी चालेल. दिवे राहता कामा नयेत.

तिच्या पाठांतराबद्दल दर आठवड्याला कळव. खोटं कळवू नकोस. काही येत नसेल तर काही येत नाही असं लिही.

तुझ्या भाचेसुनेची प्रकृती कशी आहे? (तुझ्या मागणीवरून.)

एझरा

~

मावला
शुक्रवार, ९ मे २०२५

प्रिय एझरा,

कंसासकट चौकशी पोचवली. कंस मी गाळला.

शिबिर सोमवारी सुरू झालं. अहवाल खालीलप्रमाणे.

अक्षरं. तुझा तक्ता भिंतीला टांगला. उजवीकडून डावीकडे वाचायचं म्हटल्यावर मुलं मान वाकडी करून बसली. तेवढ्यात दादाजी आले. दादाजी म्हणजे आमच्या गल्लीतले जुने पटवारी. नव्वदीच्या पुढे आहेत, निजामाच्या शाळेत उर्दू शिकलेले. त्यांनी तक्ता पाहिला आणि म्हणाले, “यात उलटं काय आहे? सरळच तं आहे. आमच्या वक्ताला सारं दफ्तर इकडूनच लिवत होते.” दुसऱ्या दिवसापासून हिब्रू अक्षरं दादाजी गिरवून घेतात. त्यांना हिब्रू येत नाही. पण हात बरोबर बाजूनं सुरू होतो, आणि मुलं त्यांना घाबरतात. माझ्यापाशी यांतलं एकही नाही. मात्र ज्या लिपीत स्वर लिहायचे की नाही हे लिहिणाऱ्याच्या मर्जीवर आहे, तिच्याबद्दल आपल्या पुण्याच्या गुरुजींचं काय मत पडलं असतं, याचा विचार करत मी बराच वेळ निंबाखाली बसून होतो.

गोष्टी. जलप्रलयात जहाज बांधणाऱ्या म्हाताऱ्याची सांगितली. समोरच्या किराणावाल्याचा जीवन आठ वर्षांचा आहे. त्यानं विचारलं, “सर, वाघ अन् बकरी एकाच जहाजात होते?” हो. “मंग वाघानं बकरी खाल्ली काऊन नाही?” मी म्हटलं, देवाची आज्ञा होती. तो म्हणाला, “आमच्या इकडच्या वाघाले सांगा ना मंग.” मागच्या महिन्यात नार्नूरकडे त्याच्या मामाच्या दोन बकऱ्या गेल्या, म्हणून हा प्रश्न त्याच्या घरचा आहे. तुझ्या अभ्यासक्रमात याचं उत्तर नाही. पुढच्या आवृत्तीत घाल.

आज्ञा. शेजाऱ्याच्या बैलावर डोळा ठेवू नये ही आज्ञा मुलांना चटकन कळली. दोघांतिघांनी कोण कोणाच्या बैलावर डोळा ठेवून आहे ते नावानिशी सांगितलं. त्यामुळे त्या दिवशी शिबिर लवकर सोडावं लागलं.

आता मुख्य विद्यार्थिनी. तू खोटं लिहू नकोस म्हणालास, म्हणून लिहितो: मला तिचा अंदाज येत नाही. प्रार्थना पहिल्याच दिवशी म्हणाली. मी म्हटलं, छान, कुठे ऐकलीस? म्हणाली, “तुम्हीच आत्ता म्हणालात ना, मामाआजोबा.” मी एकदाच म्हटली होती, तीही चाचरत. एकपाठी असावी. पण गोडी किती आहे याबद्दल शंका येते. दर शुक्रवारी दुपारी तिला उटनूरला आईकडे जायचंच असतं. आज मी म्हटलं, उद्या खो-खोचा सामना आहे, राहा. ऐकायला तयार नाही. बापाच्या भाजीच्या गाडीत रिकाम्या क्रेटवर बसून गेली. जयवंताबाई म्हणते, “लेकरू आहे, मायची याद येते.” हे वय आहे; मनाला लावून घेऊ नकोस.

सांगता शनिवारी, चोवीस तारखेला. मुलांनी कुंभारवाड्यातून माती आणून दिवे केले आहेत. काही दिवे आहेत, काही दिव्यांच्या हेतूनं केलेल्या वस्तू आहेत. शब्बाथ शनिवारचा, हे मला पुण्यापासून पाठ आहे. तू शनिवारी मेसचं बिल भरत नसायचास. तेव्हा पंचांग पाहून शनिवारी तिन्हीसांजेला, सूर्यास्त होताच मयूरीच्या हस्ते दीपप्रज्वलन ठेवलं आहे. गल्लीतल्या सगळ्या आयांना बोलावणं गेलं.

दीनाची प्रकृती उत्तम.

तुझा,
उद्धव

~

ठाणे
बुधवार, १४ मे २०२५

उद्धव,

शनिवारी सूर्यास्ताला शब्बाथ संपतो.

आमचा दिवस सूर्यास्ताला सुरू होतो आणि सूर्यास्ताला संपतो. शब्बाथ शुक्रवारी संध्याकाळी येतो. दिवे शुक्रवारी, सूर्य मावळायच्या आधी लावतात. सूर्य मावळल्यावर आम्ही आग पेटवत नाही, पैशाला हात लावत नाही, प्रवास करत नाही. तू पाहुणा निघून गेल्यावर त्याच्या स्वागताला पायघड्या घालतो आहेस.

हे अभ्यासक्रमात लिहिलेलं नाही, कारण ठाण्यात हे शेंबड्या पोरालाही सांगावं लागत नाही. आणि त्या घरात तुला ‘मामा, चुकतंय’ असं म्हणणारं एकही माणूस निघालं नाही, यावरून मला जे कळायचं ते कळलं. नऊ वर्षांची मुलगी आहे आणि तिला वार माहीत नाही. मला वाटत होतं त्याहून जास्त गेलेलं आहे.

दिव्यांना हात लावू नका. मी येतो. गुरुवारी, बावीसला, ठाण्याहून गाडीत बसतो, शुक्रवारी सकाळी आदिलाबादला उतरेन. दिवे शुक्रवारी संध्याकाळी लागतील. रविवारी परत. मी फक्त दिव्यांसाठी येतो आहे, याची सर्व संबंधितांना कल्पना द्यावी.

एझरा

~

मावला
सोमवार, १९ मे २०२५
(स्पीड पोस्टनं)

प्रिय एझरा,

ये. मी स्टेशनवर असेन.

आमचा वार सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत. त्यामुळे शुक्रवारची संध्याकाळ ही शनिवारची असू शकते, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. इतकी वर्षं लोकांना मुहूर्त काढून देतो आहे, आणि तुझ्याकडे दुसराच दिवस चालू होता.

दीनाला सांगितलं, वडील येताहेत. तिनं हातातलं काम खाली ठेवलं. “कशासाठी?” मी म्हटलं, दिव्यांचा वार चुकला म्हणून. ती म्हणाली, “मग नक्की येतील.”

जयवंताबाई विचारते, पाहुण्यांना वांग्याचं भरीत चालतं का. मी परस्पर हो म्हटलं आहे.

उद्धव

~

मावला
शनिवार, २४ मे २०२५, सकाळ

श्री. झिराडकर यांस,

हे पत्र ठाण्याच्या पत्त्यावर पाठवतो आहे, कारण तू तिथेच असणार.

काल सकाळी मी स्टेशनवर गेलो. भोकरच्या अलीकडे वादळानं रुळांवर झाडं पडल्याचं कळलं. दुपारी पुन्हा गेलो, गाडी नाही. चार वाजता गेलो तो तिथेच बसलो. गाडी रात्री आली. मी सगळे डबे पाहिले. एका डब्यात चढून झोपलेल्या एका गृहस्थाच्या तोंडावरची चादरही काढली. तो तू नव्हतास, आणि तो मला जे बोलला ते मी तुझ्या खात्यावर टाकलं आहे. तुझा फोन बंद.

इतक्या वर्षांनी तू कबूल केलंस, सगळ्यांना कल्पना द्यायला लावलीस, आणि आयत्या वेळी ठाण्यातच पाय मागे घेतलास. गाडीत बसलाच नसशील. हे मी फोनवर म्हटलं असतं तर तू रागावला असतास, म्हणून लिहून कळवतो.

घरी आलो तर जयवंताबाईच्या स्वयंपाकघरात कोपऱ्यात दोन दिवे जळत होते. लाइट गेली असावी. मी सांगितलं, तो आला नाही. दीनानं विचारलं, “सूर्य मावळला तेव्हा गाडी कुठे होती, मामा?” मी स्टेशनात ऐकलं होतं, किनवटला. ती “बरं” म्हणाली आणि मला भाकरी वाढली. चेहऱ्यावर काही नाही. माणसाची आशा एकदा सुटली की असं होतं. मी भाकरी तशीच ठेवून उठलो, आणि बाप तिचा.

आज तिची सुट्टी आहे. म्हटलं, घरी थांब, पोरीला बरं वाटेल. तर म्हणते, किनवटला एक पेशंट आहे, दुपारी बघून येते. भूषण म्हणाला, “जाऊ द्या मामा, तिले माहीत आहे.” डॉक्टरी पेशा असा. आदिलाबादहून महाराष्ट्रात जाऊन पेशंट बघायचा.

दिवे आता माझ्या मूळ बेतानुसार आज तिन्हीसांजेला लागतील. तुझ्या शास्त्रात ते चूक आहेत हे मला ठाऊक आहे. बरोबर करायला येणार होतास तो तू आला नाहीस. बायकांना बोलावणं गेलेलं आहे, पोहे भिजायचे आहेत, नारळ फोडायचे आहेत, आणि माझ्यापाशी दुसरा शनिवार नाही.

उद्धव

~

ठाणे
रविवार, १ जून २०२५

प्रिय उद्धव,

तुझ्याकडे पाच दिवस वांगी खाऊन परवा, शुक्रवारी सकाळी परतलो. दारात तुझं पत्र पडलं होतं. ‘श्री. झिराडकर यांस.’ उभ्यानंच वाचलं. नंतर बसून पुन्हा वाचलं. इतके दिवस तू समोर बसून मला आग्रह करत होतास आणि हे पत्र रस्त्यात आहे हे एका शब्दानं बोलला नाहीस. ते मी जपून ठेवणार आहे.

त्या शनिवारी पाहुण्यांच्या गर्दीत तुला अर्धीच हकीकत कळली, आणि नंतर मला ती तोंडानं सांगायला जमेना. म्हणून लिहितो.

गाडी किनवटला उभी होती आणि ऊन फलाटावरून निघत चाललं होतं. मी घड्याळ पाहिलं, बॅग घेतली, उतरलो. गाडी सुटली. स्टेशनबाहेर चहाची टपरी आहे, बयनाबाई म्हणून एक चालवतात. त्यांनी सगळं पाहिलं होतं. म्हणाल्या, “बाबा, आदिलाबाद तं आलंच होतं. काऊन उतरून गेले?” मी म्हणालो, आमच्यात शुक्रवारी सूर्य मावळल्यावर प्रवास करत नाहीत. “नवस आहे काय?” मी म्हणालो, तसंच काहीसं. “मंग बसा.” चहा पुढे आला. मी म्हणालो, आत्ता पैशाला हात लावता येत नाही, उद्या संध्याकाळी तीन तारे दिसले की आमचा दिवस संपतो, तेव्हा देईन. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. “उधारीचे लई कारनं आयकले बाबा. तारेवालं पयलंच हाय.” आणि ओसरीवर बाज टाकून दिली.

शनिवारी मी फलाटावरच्या बाकावर बसून होतो. दिव्यांसाठी निघालो होतो, आणि तेवढीच एक गोष्ट हुकली होती. तू तुझे दिवे तुझ्या वेळेला लावशील, ती मुलगी ते शब्बाथचे समजेल, आणि पुढे तिच्या मुलीलाही तेच शिकवेल, हे मला दिसत होतं. फोन बॅगेत होता. तो मी सुरू करणार नव्हतो.

चारच्या सुमाराला शेजारी कुणी तरी येऊन बसलं. मी वळून पाहिलं नाही. म्हणाली, “पाणी पिताय की नाही? ऊन बघितलंत?”

दीना होती.

मी म्हणालो, “तू गाडी चालवत आलीस? शब्बाथला?”

“पेशंट असला तर डॉक्टरला चालतं.”

“कोण पेशंट?”

तिनं माझा हात धरून नाडी पाहिली. बराच वेळ सोडला नाही. नाडीला एवढा वेळ लागत नाही, हे मलाही ठाऊक आहे.

मग म्हणाली, “तारे दिसले की निघू. सातनंतर दिसतात तीन.” मी विचारलं, तुला कसं माहीत. म्हणाली, “दर शनिवारी मयूरी अंगणात मोजते.” पुढे म्हणाली, “काल आम्ही मावल्याला लावले दिवे. एरवी उटनूरला लावतो. आईनं मला दिले होते तेच दोन आहेत, पितळेचे. लग्नाच्या पेटीत मी दुसरं काही आणलं नव्हतं.”

“दर शुक्रवारी?”

“दर शुक्रवारी. आता मयूरी लावते. मी नुसती शेजारी उभी असते.”

मी म्हणालो, “मला कुणी कळवलं नाही.”

ती म्हणाली, “तुम्ही मामांना विचारत होतात, बाबा. मामांना काय माहीत? मला विचारायचं होतं.”

मी तिच्या बाटलीतलं पाणी प्यालो. तुझं पाठांतर चांगलं आहे, यावर तुला एखादं वचन सुचलं असतं. ऊन खाली आलं. ढग होते, त्यामुळे तिसरा तारा दिसायला वेळ लागला. तो तिनं आधी पाहिला. मी बयनाबाईंचे पैसे दिले. त्यांनी वर आभाळाकडे पाहून ते घेतले.

पुढचं तू पाहिलंस. अंगणात बायका ताटकळलेल्या, मुलं पेंगलेली, मातीचे दिवे तेल घालून तयार, आणि एक मुलगी काडीपेटी फ्रॉकच्या खिशात घालून दारात उभी. तू लावू या म्हणत होतास आणि ती देत नव्हती. माझ्यासाठी थांबली आहे, असं तू सगळ्यांना सांगितलंस. खरं आहे. पण मला घरात नेऊन ती कानात जे बोलली ते तुला माहीत नाही. “आजोबा, हे शब्बाथचे नाहीत. ते काल झाले. मामाआजोबांनी पंचांग बघून ठरवलंय, म्हणून मी बोलले नाही. त्यांना वाईट वाटेल. आपण हे हवदालाचे धरू या का?”

शब्बाथला निरोप देतानाही आम्ही दिवा लावतो. त्यालाच हवदाला म्हणतात. सुगंधी काही तरी हुंगायचं असतं. तिनं आजीकडून लवंगा आणून ठेवल्या होत्या. द्राक्षारसाऐवजी आम्ही घेतो ते मनुकांचं सरबतही करून ठेवलं होतं. तू ज्याला दीपप्रज्वलन म्हणालास ते काय होतं हे त्या अंगणात फक्त तिघांना माहीत होतं. तुझा वार चुकला नव्हता, उद्धव. त्या मुलीनं तो बरोबर करून घेतला.

अभ्यासक्रम परत पाठवायची गरज नाही. जीवनच्या वाघाच्या प्रश्नावर आमच्या कमिटीत चर्चा झाली. निर्णय झालेला नाही.

तुझा,
एझरा

~

मावला
रविवार, ८ जून २०२५

प्रिय एझरा,

पत्र दोनदा वाचलं. एकदा मित्र म्हणून आणि एकदा शिबिरप्रमुख म्हणून. शिबिरप्रमुखाला ते जड गेलं.

मी सरळ जयवंताबाईकडे गेलो. म्हटलं, इतकी वर्षं तुझी सून दर शुक्रवारी दिवे लावते, हे तुला माहीत होतं? ती वांगी तोडत होती, वर पाहिलं नाही. “हो. इथं असली तं इथं लावते, नाही तं तिथं.” मला बोलली काऊन नाहीस? “दिवाच तं लावते पोरगी. घरात दिवा लावला हे काय गावाले सांगत फिराचं असते?” भूषणही तेच म्हणाला. त्यांचं चूक आहे असं मला म्हणता येईना. या घरात कुणी दिवा लावला नसता तर ती बातमी झाली असती आणि मी तुला त्याच दिवशी फोन केला असता. लावला, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. आणि मी स्वतः ते दोन दिवे पाहिले, तर लाइट गेली असं समजून वर बल्बकडे पाहायला विसरलो. बल्ब चालू होता असं मयूरी सांगते.

ती मला वाचवायला गप्प बसली, हे मला झोंबायला हवं होतं. झोंबलं नाही. काल मी तिला विचारलं, बाकी शिबिर तरी कसं झालं? विचार करून म्हणाली, “खो-खो चांगला झाला.”

दादाजी रोज सकाळी अजून येतात. शिबिर संपलं हे त्यांना दोनदा सांगितलं. ते म्हणतात, पोरांचा हात आत्ता कुठं बसायला लागलाय. त्यामुळे गल्लीतली चार हिंदू पोरं निंबाखाली हिब्रू गिरवतात, आणि ज्या एका मुलीसाठी हे सारं मांडलं होतं ती शाळा उघडायच्या आधी पाणीपुरी खाऊन घ्यावी म्हणून बाजारात गेलेली असते.

आता एक व्यवस्थेची गोष्ट. तुझ्या पत्रात तू पहिल्यांदा ‘दीना’ असं लिहिलंस. मी मोजायला बसलो नव्हतो, पण दिसलं. तेव्हा इथून पुढे प्रकृतीच्या चौकश्या, पाठांतराचे अहवाल आणि वारांबाबतच्या दुरुस्त्या माझ्यामार्फत पाठवू नयेत. मी त्यांत कंस गाळतो, भर घालतो आणि चुकीचा अर्थ लावतो, हे सिद्ध झालेलं आहे. उटनूरचा पत्ता या कागदाच्या मागे मयूरीनं तिच्या अक्षरात लिहिला आहे. पिनकोड बरोबर आहे, मी पोस्टात विचारून आलो.

मला लिहायचंच असेल तर संस्कृताबद्दल लिही. पुण्यात एका समासावरून तू मला चूक ठरवलं होतंस, ते प्रकरण मी अजून सोडलेलं नाही.

तुझा,
उद्धव

ता. क. आत्ताच जयवंताबाई येऊन गेली. दीना आणि मयूरी येत्या शुक्रवारी इकडेच आहेत. विचारत होती, “दिवे किती वाजता लावाचे रे त्या दिवशी? तुह्या पंचांगात पाह्य.” मी पंचांग मिटलं आणि म्हटलं, मला काऊन विचारतेस, सुनेला विचार.